प्रवाहाचें दार : अंजनवेलच्या वीजघराच्या निमित्तानें

वाशिष्ठी नदी चिपळुणावरून खालीं उतरते आणि दाभोळच्या खाडीच्या रूपानें समुद्रास मिळते. या मुखाच्या उत्तर तीरावर दाभोळ आहे व दक्षिण तीरावर अंजनवेल. दाभोळचें नांव मध्ययुगीन प्रवाशांच्या वृत्तांतांतून वारंवार येतें. अंजनवेलचें तितकें येत नाहीं, कारण दाभोळ हें पेठेचें गांव आणि अंजनवेल हें पहाऱ्याचें. विजापूरकरांच्या अमलांत उभा राहिलेला आणि पुढें मराठे, जंजिऱ्याचे सिद्दी, तुळाजी आंग्रे व पेशवे यांच्या हातून फिरत फिरत १८१८ सालीं इंग्रजांच्या ताब्यांत गेलेला गोपाळगड खाडीच्या तोंडाशीं बसला आहे तो याच कामासाठीं. कोणतें गलबत आंत यावें, केव्हां यावें आणि काय भरल्यावर पुढें जावें, हें ठरविणारें हें दार होतें. दार पूर्ण लावून घ्यावें तर पेठ ओस पडते, सताड उघडावें तर शत्रु आंत येतो. तेव्हां तें किती उघडावयाचें याचा विवेक हेंच किल्लेदाराचें खरें काम होय.

याच किनाऱ्यावरील सड्यावर विसाव्या शतकाच्या अखेरीस एक प्रचंड वीजघर उभें राहिलें. 'एन्रॉन' या एका शब्दानें तें महाराष्ट्राच्या घरोघरीं पोंचलें, आणि त्या शब्दाभोंवतीं इतका गदारोळ माजला कीं, आंत चालतें तरी काय, हा साधा प्रश्न मागें पडला. आंत चालतें तें असें : वायु, वाफ, तेल आणि पाणी यांचे शेंकडों प्रवाह नळांतून धांवत असतात, आणि त्यांतील महत्त्वाच्या प्रत्येक प्रवाहावर एक दार व एक पहारेकरी असतो. दारास आपण व्हॉल्व्ह म्हणतों. पहारेकऱ्यास प्रवाह-नियंत्रक किंवा कारखान्याच्या बोलींत 'फ्लो कंट्रोलर'. या पहारेकऱ्यास काम कसें नेमून दिलें जातें आणि ही विद्या कोणत्या वाटेनें आली, हें येथें सांगण्याचा आमचा विचार आहे. अंजनवेलच्या वादांतील एक कलम त्यावांचून नीट उलगडत नाहीं, असें आम्हांस वाटतें.

प्रवाह मोजून सोडणें आपल्या लोकांस नवें नव्हे. लग्नाच्या मुहूर्तास भटजी जें घटिकापात्र मांडीत, तें म्हणजे बुडाशीं बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी. ती चोवीस मिनिटांत भरून बुडे. छिद्र अचूक पाडलें कीं झालें, मग मनुष्यानें केवळ पाहात बसावें. शेतांत दारें धरणाऱ्या गड्याचें काम याहून वरच्या प्रतीचें आहे. तो वाफ्यांत पाणी किती चढलें हें पाहतो, पाटाला धार किती आहे हें पाहतो, आणि त्या बेतानें माती ओढतो किंवा सारतो. घटिकापात्राला डोळे नाहींत, गड्याला आहेत. पाहणें, हव्या मानाशीं ताडून बघणें आणि मग दार हलविणें, या तीन क्रिया जेथें एकत्र येतात तेथें नियंत्रण सुरू होतें. हें गड्याचें काम निर्जीव वस्तूकडून करवून घेणें, एवढाच पुढचा सारा इतिहास आहे.

त्या इतिहासांतील एक पान पुण्याजवळचें आहे. मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत असतांना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीं आपोआप उघडणारीं व मिटणारीं पूरदारें योजिलीं, व तीं १९०३ सालीं खडकवासल्याच्या सांडव्यावर बसविण्यांत आलीं. पाणी ठरलेल्या पातळीवर चढलें कीं पाण्याच्याच जोरानें तोल बदलावा, दारानें उघडून जादा पाणी वाहूं द्यावें, आणि पातळी उतरतांच पुन्हां मिटावें, अशी ती युक्ति होती. धरणाची भिंत न वाढवितां अधिक सांठा मिळूं लागला, आणि भर पावसांत रात्रीं माणसानें जाऊन दार ओढण्याचा प्रसंग टळला. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेत फुटलें तेव्हां मात्र त्या लोंढ्यापुढें खडकवासल्याचें धरणही फुटलें. कोणत्याही दाराची एक मर्यादा असते. तिच्या पलीकडचा प्रवाह आला म्हणजे पहारा कितीही चोख असला तरी उपयोगाचा नसतो. ही गोष्ट कारखान्यांत काम करणारे लोक नवशिक्यास पहिल्या दिवशीं सांगतात.

पश्चिमेंत या विषयाचा शास्त्रोक्त विचार वाफेच्या यंत्रापासून सुरू झाला. जेम्स वॅट यानें १७८८ च्या सुमारास आपल्या यंत्रास दोन फिरते गोळे जोडले. यंत्र वेगानें फिरूं लागलें कीं गोळे बाहेर पसरत आणि वाफेचें दार थोडें मिटत. वेग मंदावला कीं गोळे खालीं येत आणि दार उघडे. परंतु पुष्कळ यंत्रांस यामुळें एक विचित्र खोड लागे. वेग एकदां वर, एकदां खालीं, असे झोके तें खात राही आणि थांबतच नसे. नियंत्रक आहे म्हणूनच हा उपद्रव आहे, असें हें कोडें होतें. १८६८ सालीं जेम्स क्लार्क मॅक्सवेल यानें रॉयल सोसायटीपुढें मांडलेल्या निबंधांत तें गणितानें सोडविलें : दुरुस्ती कोणत्या बेतानें केली असतां झोके मावळतील व कोणत्या बेतानें ते वाढत जातील, याच्या अटी त्यानें दिल्या. विजेच्या सिद्धांतामुळें अमर झालेल्या या पुरुषाच्या लेखणीचें हें लहानसें काम. पण आजचा प्रत्येक कारखाना त्याचा ऋणी आहे.

पुढचें पाऊल समुद्रावर पडलें. निकोलस मिनोर्स्की या रशियन अभियंत्यानें अमेरिकन आरमारासाठीं जहाजाचें सुकाणूं आपोआप चालवावें म्हणून १९२२ सालीं एक लेख लिहिला. त्यानें जुन्या सुकाण्यांचें वागणें बारकाईनें विचारांत घेतलें होतें. जें त्यानें लिहिलें तें दाभोळच्या खाडींतील कोणत्याही तांडेलास सांगावें न लागतां ठाऊक असतें. होडी दिशेपासून किती ढळली आहे हें तांडेल पाहतो आणि तेवढ्या मानानें सुकाणूं वळवितो. हें पहिलें अंग. ओहोटीचा ओढ एकाच बाजूस सारखा लागत असेल तर तेवढ्यानें भागत नाहीं. होडी थोडी बाजूला सरकलेलीच राहते. तेव्हां तो त्या राहून गेलेल्या ढळीची मनांत बेरीज करीत जातो व सुकाणूं कायमचें थोडें तिरकें धरतो. हें दुसरें अंग. आणि होडी कोणत्या वेगानें वळूं लागली आहे हें ओळखून ती फार वळण्यापूर्वींच तो हात आवरतो. हें तिसरें. वर्तमानाची चूक, भूतकाळांतील चुकांची सांठवण आणि भविष्याचा अदमास, या तीन अंगांचा नियम आज जगांतील बहुतेक नियंत्रकांत आहे.

आतां प्रवाहाच्या नियंत्रकास हीं तीनही अंगें सारखीं लागत नाहींत. नळांतील प्रवाह फार चपळ असतो; व्हॉल्व्ह हलला कीं क्षणांत बदलतो, आणि त्याचें मोजमाप सदैव थरथरत असतें. अशा थरथरीवर भविष्याचा अदमास बांधणें म्हणजे वाऱ्यानें हलणाऱ्या पानावरून वादळाचें भाकीत करणें होय. म्हणून येथें तिसरें अंग बहुधा बंदच ठेवितात, पहिलें बेतानें देतात, आणि मुख्य भार दुसऱ्यावर टाकतात. किती, हें ठरविण्याची एक रीत टेलर इन्स्ट्रुमेंट कंपनींतील झीग्लर व निकोल्स या दोघांनीं १९४२ सालीं प्रसिद्ध केली. नियंत्रकाचें दुसरें व तिसरें अंग बंद करावें, पहिल्याचा जोर हळूहळू वाढवीत जावें, आणि प्रवाह ना मावळणाऱ्या ना वाढणाऱ्या अशा सारख्या झोक्यांत आला कीं तेथें थांबावें. तो जोर व त्या झोक्याचा काळ टिपून घ्यावा. मग दोन अंगांच्या नियंत्रकास त्या जोराचे शेंकडा ४५ द्यावे, आणि सांठवणीचा काळ झोक्याच्या काळास १.२ नें भागून ठरवावा. यंत्रास संकटाच्या काठापर्यंत नेऊन मग निम्म्याहून कमी जोरावर परत आणावयाचें, अशी ही धाडसी रीत आहे. चालत्या कारखान्यांत ती जशीच्या तशी वापरण्यास शहाणे लोक कचरतात, आणि आमच्या मतें त्यांचें बरोबर आहे.

जोर ठरविण्यापूर्वीं आणखी कांहीं गोष्टी नेमाव्या लागतात, आणि घोटाळे होतात ते बहुधा येथेंच. प्रवाह मोजण्याची सर्वांत प्रचलित तऱ्हा म्हणजे नळांत मध्यें भोंक असलेली चकती बसवून तिच्या अलीकडच्या व पलीकडच्या दाबांतला फरक पाहणें. पण प्रवाह दुप्पट झाला तर हा फरक चौपट होतो. म्हणजे खरा प्रवाह काढावयाचा तर वर्गमूळ घ्यावें लागतें. तें घेण्यास विसरलें तर प्रवाह निम्मा असतां पडद्यावर पंचवीस दिसतात. आणि एकदां मोजणाऱ्या यंत्रांत व पुन्हां नियंत्रकांत असें दोनदां घेतलें तर पन्नासाच्या जागीं सुमारें एकाहत्तर दिसतात. पहारेकऱ्यास चष्माच चुकीचा दिला तर त्याच्या इमानास काय करावयाचें? दुसरी गोष्ट दिशेची : प्रवाह वाढला असतां व्हॉल्व्ह मिटला पाहिजे, ही दिशा उलटी नेमली तर नियंत्रक विझवावयाच्या आगींत तेल ओततो. तिसरी अपघाताची : व्हॉल्व्ह चालविणारी हवा अकस्मात् गेली तर इंधनाचें दार आपोआप मिटावें, थंडाव्याच्या पाण्याचें बहुधा उघडें राहावें.

संदेश पोंचविण्याची व्यवस्थाही या ओघांत बदलत गेली. पूर्वीं तो हवेच्या दाबानें, तीन ते पंधरा पौंडांच्या पट्टींत जाई. मग चार ते वीस मिलिअँपिअरच्या विजेनें जाऊं लागला. शून्याऐवजीं चारापासून आरंभ करण्यांत खुबी आहे. प्रवाह शून्य असला तरी तारेंत चार असतात. खरेंच शून्य आलें तर तार तुटली असें समजावें. १९७५ सालीं हनीवेल कंपनीनें आपली संगणकी यंत्रणा बाजारांत आणली आणि भिंतीवरचे डबे जाऊन नियंत्रक पडद्यांवर आले. नेमणुकीचें काम स्क्रू-ड्रायव्हराकडून कळफलकाकडे गेलें, पण नेमावयाच्या गोष्टी त्याच राहिल्या.

आतां अंजनवेलकडे वळूं. येथील वीजघराचे तीन विभाग असून प्रत्येकांत दोन वायु-टर्बाइनें व एक वाफेचें टर्बाइन अशी जोड आहे. वायु-टर्बाइनांतून बाहेर पडणारा धूर सुमारें सहाशें अंश उष्ण असतो; तो फुकट न दवडतां त्यावर पाण्याची वाफ करून तिसरें यंत्र फिरवितात. या वाफेच्या पिंपास बॉयलरवाले ड्रम म्हणतात, आणि प्रवाह-नियंत्रणाची खरी परीक्षा या ड्रमाशीं होते. पाणी फार चढलें तर थेंब वाफेबरोबर जाऊन टर्बाइनाचीं पातीं खातात. फार उतरलें तर नळ्या कोरड्या पडून जळतात. साधा विचार असा कीं, पातळी पाहावी आणि तिच्या बेतानें पाणी सोडावें. परंतु वाफेची मागणी एकाएकीं वाढली म्हणजे ड्रमांतला दाब उतरतो, पाण्यांतले बुडबुडे फुगतात आणि पातळी वर चढते. उतूं जाणारें दूध भांड्याच्या कांठावर येतें तें कांहीं दूध वाढल्यामुळें नव्हे, तसेंच हें. पाणी प्रत्यक्षांत कमी होत असतें आणि डोळ्यांस वाढलेलें दिसतें. केवळ पातळीवर विसंबणारा नियंत्रक अशा क्षणीं पाणी तोडतो आणि नाश ओढवून घेतो.

यावर उपाय असा काढला आहे कीं, पातळीच्या नियंत्रकानें स्वतः दारास हात लावावयाचा नाहीं. बाहेर किती वाफ गेली हें मोजावयाचें, तितकें पाणी आंत यावें असा हिशेब करावयाचा, पातळीच्या नियंत्रकानें त्यांत थोडी अधिक-उणी दुरुस्ती सुचवावयाची, आणि ही बेरीज पाण्याच्या प्रवाह-नियंत्रकास हुकूम म्हणून द्यावयाची. दार हलविणें हें या शेवटच्याचें काम. सुभेदारानें मुलखाचा विचार करून आज्ञा करावी आणि हवालदारानें ती नाक्यावर बजावावी, अशी ही अंजनवेल सुभ्याचीच पद्धत झाली. तींत अट एकच असते : हवालदार सुभेदाराहून चपळ पाहिजे. वरचा दर क्षणीं हुकूम बदलूं लागला व खालचा सुस्त निघाला तर दोघेही झोके खाऊं लागतात. दाराची हद्द गांठली गेली असतां मागची बेरीज तशीच वाढत राहण्याचा दोषही असाच आहे. दार पूर्ण उघडें आहे, तरी हवा तितका प्रवाह येत नाहीं; नियंत्रकाचें दुसरें अंग मात्र सावकाराच्या व्याजासारखें चढत जातें, आणि प्रवाह परत आल्यावर तें सारें फेडून होईपर्यंत दार मिटत नाहीं. म्हणून हद्दीशीं ही बेरीज थांबविण्याची तजवीज आधींच करून ठेवावी लागते.

वीजघराची राजकीय कथा वाचकांस ठाऊक आहे. ती थोडक्यांत सांगतों. जून १९९२ मध्यें एन्रॉनशीं प्राथमिक करार झाला. एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांच्या दाभोळ पॉवर कंपनीनें डिसेंबर १९९३ मध्यें महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशीं वीज-खरेदीचा करार केला. ऑगस्ट १९९५ मध्यें नव्या राज्य सरकारनें प्रकल्प रद्द केला आणि पुढें तोच फेरवाटाघाटी करून मोठ्या रूपांत परत आणला. गांवकऱ्यांचा विरोध चालूच होता. ३ जून १९९७ च्या पहांटे पोलिसांनीं वेलदूर गांवांत शिरून स्त्रियांना केलेली मारहाण मानवी हक्कांच्या अहवालांतून जगभर गेली. मे १९९९ मध्यें पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. ती महाग पडूं लागली. आणि मंडळानें वीज उचलली न उचलली तरी क्षमतेबद्दलची ठराविक रक्कम देणें करारानें भाग होतें. म्हणजे विजेचा प्रवाह कमी करतां येई, पैशाचा करतां येत नसे. एवढ्या दारांच्या कारखान्यास करारांत मात्र एक दार ठेवलें नव्हतें, ही गोष्ट आम्हांस आजही विलक्षण वाटते.

मग आली २८ जानेवारी २००१. करारांत असें कलम होतें कीं, वीजघर थंड अवस्थेंतून सुरू केलें तरी तीन तासांत त्यानें पूर्ण भार घेतला पाहिजे. त्या दिवशीं मंडळानें पूर्ण वीज मागितली आणि ती मुदतींत मिळाली नाहीं, असें म्हणून मंडळानें ४०१ कोटी रुपयांची वजावट मागितली. कंपनीनें ती मान्य केली नाहीं.

तीन तास ही मुदत थोडी कीं पुष्कळ, हें सांगण्यासाठींच आम्हीं वरील विवेचन केलें. वायु-टर्बाइन लवकर चढतें. परंतु ड्रमाची भिंत जाड पोलादाची असते. ती आंतून तापली व बाहेरून थंड राहिली तर धातु ताणला जातो, आणि असे ताण सोसतां सोसतां एक दिवस भेग पडते. वाफेच्या टर्बाइनाचा जड आंसही सावकाश तापवावा लागतो. म्हणून इंधन, वाफ व पाणी यांच्या नियंत्रकांस आरंभीं 'इतकें द्या' एवढेंच सांगून भागत नाहीं. 'दर मिनिटास इतक्याहून अधिक चढूं नका' असेंही बजावावें लागतें. त्यांत बुडबुड्यांचें फुगणें याच वेळीं सर्वांत अधिक असतें. प्रत्येक पहारेकरी आपापल्या मर्यादेनें चालला असतां या साऱ्याची जी बेरीज होते ती सुरू होण्याची मुदत. ती वकिलांनीं करारांत लिहिली तरी ठरते धातूच्या जाडीनें आणि नियंत्रकाच्या नेमणुकीनें. शेंकडों कोटींचा दावा एका चढणीच्या वेगावर उभा राहावा, असें उदाहरण या देशाच्या औद्योगिक इतिहासांत आम्हांस तरी दुसरें आढळलेलें नाहीं. कंपनीनें हें कलम डोळे उघडे ठेवून स्वीकारलें होतें, हेंही विसरतां येत नाहीं. आणि मंडळास त्या वेळीं वीज हवी होती कीं कलम, असा प्रश्न कोणीं केला तर तो अगदींच अन्यायाचा नव्हे.

एप्रिल २००१ मध्यें माधव गोडबोले समितीचा अहवाल आला, मे महिन्यांत मंडळानें वीज घेणें बंद केलें आणि यंत्रें थांबलीं. डिसेंबरांत एन्रॉनचें अमेरिकेंत दिवाळें निघालें. समुद्रकांठच्या खाऱ्या हवेंत बंद कारखान्याची जी दैना व्हावयाची ती झाली. २००५ च्या जुलैंत एन्. टी. पी. सी., गेल व इतरांच्या भागीदारींत रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी निघाली आणि २००६ सालीं एक विभाग पुन्हां फिरूं लागला. २०१३ सालीं शेजारचें द्रवरूप वायूचें बंदर चालू झालें. तेथें वायु उणें १६२ अंशांवर पातळ होऊन येतो व तापवितांच सुमारें सहाशें पट फुगतो. तेव्हां तेथील प्रवाह-नियंत्रकांचें काम किती नाजूक असेल याची कल्पना करावी. गंमत अशी कीं, लाटा अडविणारा बांध अपुरा असल्यामुळें या बंदरास कित्येक वर्षें पावसाळ्यांत जहाजच लागत नसे. नैऋत्येचा वारा सुटला कीं गलबतांनीं खाडींत मुक्काम करावा, ही आंग्र्यांच्या काळची रीत कोट्यवधींच्या यंत्रांनीं मुकाट पाळली. त्याच वर्षीं देशी वायूचा पुरवठा आटला, यंत्रें पुन्हां थंडावलीं, आणि २०१५ च्या अखेरीस रेल्वेनें सुमारें ५०० मेगॅवॅट वीज घेण्यास आरंभ केला तेव्हां त्यांत पुन्हां जीव आला.

या सर्व काळांत खाडींतून एक दुसरा प्रवाह अंजनवेलच्या पायथ्यावरून जात होता, त्याची दखल क्वचितच कोणीं घेतली. कोयनेच्या शिवाजीसागराचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतील बोगद्यांतून पोफळीस उतरतें, वीज देतें आणि वाशिष्ठीस मिळून येथेंच समुद्रांत येतें. कोयनेची वीज १९६२ पासून मिळूं लागली. तिची आजची एकूण क्षमता १९६० मेगॅवॅट, म्हणजे अंजनवेलच्या वीजघराएवढीच आहे. पोफळीच्या चाकांवर पाण्याची धार सोडणाऱ्या नळीच्या तोंडांत एक सुई मागें-पुढें सरकते, आणि भार काय मिनिटांत चढतो. भार अकस्मात् गेला तर सुई एकदम मिटत नाहीं, कारण धांवतें पाणी एकाएकीं अडविलें तर नळ फुटेल. आधीं एक पाख धारेस बाजूला वळवितें, आणि मग सुई आपल्या संथ गतीनें पुढें येते. वर्षाकांठीं पश्चिमेकडे किती पाणी वळवावयाचें याची हद्द कृष्णा पाणी-तंट्याच्या लवादानें ६७.५ अब्ज घनफूट अशी घालून दिली आहे. जून ते मे असा तिचा हिशेब धरतात, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस हा आंकडा भरत आला कीं पोफळीचीं दारें मिटतात. मग वाशिष्ठीची धार बारीक होते आणि भरतीचें खारें पाणी चिपळुणाच्या बाजूस आणखी थोडें वर चढतें.